वीतभर उंचीवर

उस्तादने कंटेनर ट्रेलरला धरून ठेवणाऱ्या चार लॉकांपैकी शेवटचं, मागच्या डाव्या कोपऱ्यातलं, उघडलं, हात पँटला पुसले, पिवळ्या पट्ट्यामागे जाऊन उभा राहिला आणि वर बघून अंगठा दाखवला. वर, तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर, क्रेनच्या काचेच्या खोलीत बसलेल्या मुलीने तो पाहिला. लोखंडी चौकट सावकाश खाली उतरली, कंटेनरच्या चारही कोपऱ्यांत खटकन बसली, आणि कंटेनर ट्रेलरवरून उचलला गेला. पण वीतभरच. तिथे तो थांबला.

मागच्या ट्रकच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. या ड्रायव्हरला अख्खं यार्ड ‘घाई’ म्हणून ओळखायचं, आणि नाव ठेवणाऱ्याने काही चूक केली नव्हती.

“उस्ताद, तुमच्या लेकीला वर डुलकी लागली की काय?”

“बघतेय ती.”

“काय बघतेय? कंटेनर काय पळून जाणार आहे?”

माणसाने एक श्वास सावकाश घेऊन सोडावा इतका वेळ कंटेनर अधांतरी राहिला, मग पुन्हा वर चढला, ट्रकच्या डोक्यावरून आडवा सरकला आणि शेजारच्या रुळावर उभ्या असलेल्या मालगाडीवर जाऊन बसला. पुढचे दोन दिवस त्याला आता ड्रायव्हरची गरज नव्हती.

उचलल्यावर क्षणभर थांबायचं, हे क्रेनवरच्या सगळ्यांनाच शिकवलेलं होतं. पण बाकीच्यांचं थांबणं म्हणजे रस्त्यात ओळखीचा दिसल्यावर मान हलवून पुढे जाणं. ही मात्र उभी राहून चौकशी केल्यासारखी थांबायची. दिवसाअखेर इतरांपेक्षा हिचे कंटेनर कमी भरायचे. सुपरवायझरने दोनदा सांगून पाहिलं. ती “बरं” म्हणाली आणि पुढचा कंटेनर वीतभर उचलून थांबली. ड्रायव्हर लोक तिला ‘वरच्या बाई’ म्हणायचे, आणि वरच्या बाईंबद्दलची गाऱ्हाणी खाली तिच्या बापाकडे यायची. ती शाळेत होती तेव्हा तिच्या तक्रारी ऐकायला तो कधी जागेवर नव्हता. त्या सगळ्या आता साठून एकदम आल्यासारख्या वाटत होत्या.

लेकीशी एकदा बोललं पाहिजे, असं त्याने ठरवलं होतं. पण बोलायचं कसं, हा प्रश्नच होता. यार्डात ती त्याला “उस्ताद, तुम्ही” म्हणायची आणि घरी “बाबा, तू.” यातल्या कुठल्या मुलीशी बोलावं तेच त्याला उमगत नव्हतं.

उमेदीची सगळी वर्षं त्याने लांबच्या पल्ल्याची गाडी चालवली होती. बंदरावर कंटेनर चढवायचा, चारही लॉक बंद करायची आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दार उघडून माल उतरवायचा. जाताना कंटेनर, येताना कंटेनर, मध्ये रस्ता. घरी आला की तीन-चार दिवस राहायचा, त्यातला एक झोपेत जायचा. मग हळूहळू तो लांबचा पल्ला रेल्वेने गिळला. आधी एक रूळ आला, मग तीन झाले, मग हे यार्ड उभं राहिलं, आणि आता कुंपणापलीकडे दुसऱ्या क्रेनचे पाय येऊन पडले होते. एक मालगाडी शंभरेक ट्रकांचा माल घेऊन रात्रीत निघून जायची. ट्रकने आता फक्त कारखान्यातून कंटेनर उचलून यार्डात आणायचा आणि यार्डातला कारखान्यात न्यायचा. रागवायचं तर कोणावर? धूर कमी झाला होता, अपघात कमी झाले होते, माल वेळेवर पोचत होता. बरोबरीचे ड्रायव्हर चहा पिताना रेल्वेला शिव्या द्यायचे खरे, पण त्या शिव्यांत दम नसायचा.

तर असा तो आता रोज संध्याकाळी घरी यायला लागला होता, आणि खरी अडचण तीच होती.

घरात त्याला कोणी वाईट वागवत होतं असं नाही. पाहुण्याला वागवतात तसं चांगलं वागवत होते, आणि तेच त्याला टोचायचं. बायको एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची, संध्याकाळी शेजारणीबरोबर बॅडमिंटन खेळायची, आणि आयुष्यभर एकटीने झोपल्यामुळे पलंगाच्या मधोमध झोपायची. त्याने एका कडेला अंग चोरून पाहिलं. शेवटी तो बाहेरच्या सोफ्यावर झोपायला लागला. सोफा अरुंद होता, पण ट्रकमधली झोपायची फळी तेवढीच असल्यामुळे तिथे त्याला बरी झोप लागायची. एकदा नळ गळतोय म्हणून तो पाना घेऊन उठला, तर बायको म्हणाली,

“राहू द्या हो, त्याचे आटे उलटे आहेत. तुम्हाला नाही जमायचं.”

तिने हे प्रेमाने म्हटलं होतं. मग तिने दोन मिनिटांत नळ दुरुस्त केला आणि त्याला चहा करून दिला. मायलेकींमध्ये हसण्याची एक भाषा तयार झाली होती. एकीने नुसतं “अगं, ती हिरवी पिशवी” म्हटलं तरी दुसरी तोंडावर हात धरायची. त्याने एकदा विचारलं, कसली हिरवी पिशवी? दोघींनी मिळून सांगितलं, अगदी मन लावून सांगितलं, पण सांगून होईतो त्यातलं हसू संपलं होतं.

तो यार्डात लागला त्या पहिल्या दिवशी लेक स्कूटर काढून फाटकात उभी राहिली होती.

“येतोस? जायचंय तर एकाच ठिकाणी.”

“मी मागे नाही बसत कोणाच्या,” तो म्हणाला होता. म्हणायचं होतं गमतीने, निघालं ते जरा कडक. तिने पुन्हा विचारलं नाही. ती स्कूटरने जायची, तो बसने.

त्याची प्रवासाची बॅग अजून सोफ्यामागे भरलेली होती. दात घासायचा ब्रशही तो तिच्यातूनच काढायचा आणि तिच्यातच ठेवायचा.

आणि मग डोंगरापलीकडच्या मुकादमाचा फोन आला. जुना ओळखीचा माणूस. तिकडे खाणी होत्या, घाटाचा रस्ता होता आणि रूळ नव्हते.

“अजून दहाएक वर्षं तरी पोचत नाहीत इथे रूळ,” मुकादम म्हणाला होता. “तुझी उरलेली नोकरी आरामात निघेल. महिना-दीड महिन्याने घरी चक्कर. ये की. शुक्रवारपर्यंत सांग म्हणजे झालं.”

सांगायचं काय उरलं होतं? बॅग तर भरलेलीच होती. फक्त घरी विषय काढायचा राहिला होता, आणि रोज तो उद्यावर जात होता.

शुक्रवार उजाडला. उस्ताद सकाळची दुसरी खेप घेऊन क्रेनखाली आला, उतरला आणि लॉक उघडायला लागला. पुढची दोन, मग मागचं उजवं, मग मागचं डावं. तेवढ्यात खिशात फोन वाजला. क्रेनखाली फोन घ्यायचा नाही असा नियम होता, आणि नियम मोडणारा माणूस तो नव्हता. त्याने फोन बाहेर काढला, मुकादमाचं नाव पाहिलं आणि बंद करून परत खिशात टाकला. पण डोक्यात घाट सुरू झाला होता. वळणं, उतार, खालच्या गिअरचा आवाज, रस्त्याकडेच्या खाणावळीसमोर लावलेली गाडी. त्या तंद्रीत त्याने ट्रेलरभोवती आणखी एक फेरी मारली, निघण्यापूर्वी आयुष्यभर मारत आला होता तशी. मागच्या डाव्या कोपऱ्याशी लॉकचा दांडा उघडा दिसला. उघडा दांडा दिसल्यावर त्याच्या हाताने जे नेहमी केलं होतं तेच केलं. बंद केला, एक हिसका देऊन पाहिला, पक्का बसल्याचं समाधान करून घेतलं. त्या हाताला इतकी वर्षं बंद करायचंच ठाऊक होतं. उघडायला तो अलीकडे शिकला होता.

मग उस्ताद पट्ट्यामागे गेला आणि त्याने अंगठा दाखवला.

चौकट खाली आली, बसली. कंटेनर उचलला गेला, आणि त्याच्याबरोबर ट्रेलरचा मागचा डावा कोपराही वर ओढला गेला. स्प्रिंगा करकरल्या. डावीकडची चाकं जमीन सोडायच्या बेतात आली. त्या बाजूला घाई चहाचा कप घेऊन आला होता. तो जिथल्या तिथे खिळला.

वीतभर वर गेल्यावर क्रेन थांबली. नेहमीसारखीच.

तशीच ती अलगद खाली आली. चाकं पुन्हा दबली, कंटेनर जागेवर बसला. खांबावरच्या स्पीकरमधून लेकीचा आवाज आला, रोजच्यासारखा सपाट.

“उस्ताद, मागचं डावं लॉक बघा.”

त्याने पाहिलं. उघडलं.

“गाडी बाजूला घ्या, उस्ताद. सुपरवायझरना बोलावलंय मी.”

ही न थांबता उचलत गेली असती, तर ट्रेलरसकट ट्रक लटकला असता आणि लॉक तुटून डावीकडे आडवा झाला असता. डावीकडे माणूस होता. हे समजायला कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. घाई कप हातात धरून गाडीत जाऊन बसला आणि बराच वेळ त्याने हॉर्नला हात लावला नाही.

सुपरवायझर वयाने लहान होता आणि त्यालाच जास्त अवघडल्यासारखं झालं होतं.

“नियम आहे उस्ताद. आज गाडी नाही. सोमवारी पुन्हा एकदा प्रशिक्षण. तुम्हाला सांगायलाही बरं वाटत नाही.”

“नियम बरोबर आहे,” उस्ताद म्हणाला. त्याला तोंड वर करून बोलता येत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एक कंटेनर घसरला नव्हता, आणि पहिली चूक झाली ती लेकीच्या डोळ्यांदेखत.

विश्रांतीच्या खोलीमागे एक बाक होता. जेवणाच्या सुट्टीत ती क्रेनवरून उतरली आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून त्याच्याशेजारी येऊन बसली. कपाळावर हेल्मेटचा वळ उठला होता. डबा उघडून तिने झाकणात त्याच्यासाठी भाजी-पोळी काढली.

“तक्रार मीच नोंदवली,” ती म्हणाली.

“माहीत आहे.”

“राग आला?”

“नाही. लाज वाटली.” त्याने झाकण जवळ ओढलं. “लाजेपेक्षा भीती. तो घाई तिथेच उभा होता ग.”

“हो. दिसत होता मला.”

ती शांतपणे जेवत होती. पण पोळीचा एकच तुकडा ती कधीची मोडत बसलीय, हे त्याला आता दिसलं. त्याला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण ते कसं करतात हे ऐन वेळी सुचेना. त्याऐवजी त्याने मनात घोळत असलेला प्रश्न विचारला.

“बाकीचे नुसते थांबल्यासारखं करतात. तू खरंच थांबतेस. कोणी शिकवलं हे?”

“तू.”

“मी? मी कधी क्रेन चालवली?”

“आपल्या पाण्याच्या टाकीवरून गल्लीचं टोक दिसायचं, आठवतं?”

टाकी आठवत होती. ही पोर तिथे चढून बसते म्हणून बायको फोनवर कितीतरी वेळा कावलेली असायची. कपाटावर, झाडावर, टाकीवर. म्हणून तर घरात तिचं नाव ‘मनी’ पडलं होतं.

“तू निघालास की मी वर चढायचे,” मनी सांगत होती. “तू गाडी टोकापर्यंत न्यायचास आणि थांबवायचास. खाली उतरायचास. मला दर वेळी वाटायचं, बाबाने बेत बदलला. मग मी धडाधड उतरायचे आणि फाटकाकडे धावायचे. तोवर तू परत चढलेला असायचास.”

“मी लॉक बघत होतो.”

“हो ना. ते मला इथे कामाला लागल्यावर कळलं.” ती हसली. “तोवर मला वाटत होतं की तू खरंच थोडा वेळ विचार करतोस.”

विचारही करत होतो, असं सांगावं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण ते खरं नव्हतं. गल्लीच्या टोकाला उतरून तो फक्त लॉक बघत होता, आणि चारही बंद आहेत म्हटल्यावर त्याला बरं वाटायचं. त्याने पोळीचा तुकडा झाकणात तसाच ठेवला.

“म्हणून मी थांबते,” ती म्हणाली. “उचलून जरा थांबलं की कळतं, सुटलंय की कुठे अडकलंय. घाईत नाही कळत.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. तिने डबा बंद केला, हेल्मेट उचललं, पण लगेच उठली नाही.

“डोंगराकडचं ठाऊक आहे मला. यार्डात काय लपून राहतं?”

“आईला?”

“तिला माझ्या आधीपासून. तुझं फोनवर बोलणं सगळ्या मजल्याला ऐकू जातं.”

“काही बोलली नाही ती.”

“तू सांगशील म्हणून वाट बघतेय.” तिने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवला. “जायचं तर जा बाबा. घर चालतं आमचं, त्याची काळजी करू नकोस. माझं एकच मागणं आहे. लॉक घरासमोरच बघून घे. या वेळी टोकाला थांबू नकोस. सरळ जा.”

एवढं बोलून ती गेली. क्रेनच्या पायाशी पोचून शिडी चढू लागली, एकेक पायरी, लहानपणी चढायची तशीच, खाली न बघता. ती वर काचेच्या खोलीत दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला.

मग त्याने पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाकडे चालू लागला. फाटकावरच्या वॉचमनला पास दाखवला. भर दुपारी का निघालात, असं वॉचमनने विचारलं नाही. बातमी पोचली होती. बसथांबा कुंपणाच्या कोपऱ्यावर होता. उस्ताद त्या कोपऱ्यापर्यंत गेला, आणि तिथे त्याचे पाय आपसूक थांबले. त्याने मागे वळून पाहिलं.

कुंपणावरून क्रेनचा वरचा भाग दिसत होता. दोर ताणलेले होते. इतक्या लांबून ट्रेलर दिसत नव्हता, वीतभर उंचीही दिसत नव्हती. पण कंटेनर उचललेला आहे आणि थांबलेला आहे, एवढं त्या दोरांवरून कळत होतं. आजचं थांबणं नेहमीपेक्षा लांबलं होतं. एक श्वास झाला, दुसरा झाला. खालून कोणीही हॉर्न वाजवत नव्हतं.

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने याच्याकडे पाहिलं, हा चढत नाही म्हटल्यावर दार लावलं आणि बस निघून गेली. उस्ताद फाटकाकडे परत निघाला. क्रेनचे दोर पुन्हा हलले आणि कंटेनर वर चढून मालगाडीकडे सरकू लागला.

चालता चालता त्याने मुकादमाला फोन लावला.

“दुसरा माणूस बघा.”

“का रे? एवढा तयार होतास की.”

“इथली लॉक उघडायची अजून सवय व्हायचीय मला. वेळ लागेल असं दिसतंय.”

मुकादमाला यातलं काही कळलं नसावं. तो दोन-चार वाक्यं बडबडला, मग “बघ बाबा तुझं तू” म्हणून त्याने फोन ठेवला.

वॉचमन खुर्चीतून अर्धा उठला.

“काय उस्ताद, काही राहिलं का?”

“लेकीची ड्यूटी सुटेपर्यंत बसतो इथे. तिच्याबरोबर जाईन.”

“स्कूटरवर?” वॉचमनच्या भुवया वर गेल्या. “तुम्ही मागे बसणार?”

“बसेन की. पण हेल्मेट लागेल ना जास्तीचं? तुमच्याकडे आहे एखादं?”

“माझ्याकडचं कशाला?” वॉचमनने स्टँडवर लावलेल्या स्कूटरकडे बोट दाखवलं. “वरच्या बाई रोज दोन घेऊन येतात. एक डोक्यावर, एक त्या मागच्या पेटीत. तुम्ही इथे लागलात तेव्हापासून बघतोय मी.”

उस्ताद स्कूटरपाशी गेला. मागची पेटी नुसती लोटलेली होती. त्याने झाकण उचललं. आत हेल्मेट होतं, मोठ्या मापाचं, अजून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्याने ते बाहेर काढलं, पिशवीची घडी करून खिशात ठेवली आणि हेल्मेट मांडीवर घेऊन वॉचमनच्या शेजारच्या स्टुलावर बसून राहिला.